लिंकच्या शेपटीतलं नाव

गुरुवार, १२ ऑक्टोबर २०२३

सगळ्या ऑर्डरी बॅनरवरून! इन्स्टाग्राम शून्य, व्हॉट्सअॅप शून्य, फेसबुकची जाहिरात शून्य — आणि ‘बॅनर’ मात्र ओसंडून वाहतोय. परवापासून मी मनातल्या मनात फुगडी घालत होते. वा कोकिळाबाई, काय बॅनर बनवलात!

आज जेवताना ट्यूब पेटली. बॅनर कुठे आहे? आपल्याच वेबसाइटवर, पहिल्या पानावर. त्याच्या लिंकलाही मी शेपटी — गिऱ्हाईक कुठून आलं ते नोंदणारी अक्षरं — लावून ठेवली होती. म्हणजे माणूस कुठूनही येवो, आत आल्यावर बॅनर दाबला की त्याचा आधीचा पत्ता पुसला आणि नवा लागला — बॅनर. पाहुण्याला माजघरात गाठून विचारायचं, कुठून आलात? तो बिचारा म्हणणार, ओसरीवरून.

काढली ती शेपटी. आठवड्याचा रिपोर्ट पाण्यात. आणि हे नेमकं गोटूला कळलं. धाकटा दीर असावा, पण इतका टपलेला नसावा. म्हणाला, “वहिनी, दिवाळीचा बोनस बॅनरले द्या.”

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

श्रीकांतला कारखान्यात जाऊन शेपटी समजावली. तुपाचे डबे लावत होता, त्यामुळे पळून जाऊ शकला नाही. नवऱ्याला शिकवायचं तर अशाच वेळी.

सोपं आहे. वेबसाइटची लिंक तीच. तिच्यामागे प्रश्नचिन्ह टाकून शेपटी जोडायची — कुठून आला, कशावरून आला, कुणाच्या नावावर आला. त्याला यूटीएम म्हणतात. दुकान तेच, मिठाई तीच, आपला दराबा, फक्त गिऱ्हाईक कुठल्या दारातून आत आलं ते आपल्याला कळतं. आणि सगळं बारीक अक्षरांत लिहायचं, नाहीतर एकाच दाराची दोन दारं होतात.

श्रीकांत म्हणाला, आणि शेपटीतलं शेवटचं नाव खोडून दुसरं घातलं तर? मी म्हटलं, तर नवी लिंक. रिपोर्टात त्या नावाची नवी ओळ आपोआप उमटते.

“बस एवढंच? हे तर बाबापण करतील.”

बाबा तिथेच काट्यावर वजन बघत होते. सासऱ्यांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. त्यात ते पटाईत आहेत.

रविवार, १५ ऑक्टोबर

घट बसले. आणि घटांसोबत माझाही फैसला बसला!

गोटूने विषय काढला. त्याचा इंदूरचा मित्र म्हणे वेबसाइटा चालवतो, आपली त्याला देऊन टाकू, मी रील्स करतो, तो बाकीचं बघेल. वहिनींना कशाला ताप. वहिनींना ताप! ही वेबसाइट उभी कुणी केली? लग्न होऊन मलकापूरहून आले तेव्हापासून चार वर्षं मी खोक्यांना चिकटपट्टी लावली. दुपारी घरातले झोपले की मोबाइलवर कोर्स केला. पहिल्यांदा पुण्याहून ऑर्डर आली तेव्हा मी एकटीच नाचले होते, मांजर तेवढं बघत होतं.

मी बोलले. गोटू बोलला. आवाज चढले. बाबांनी हात वर केला. म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. प्रत्येकाची आपापली लिंक करा. “ज्याच्या नावानं जास्त ऑर्डरी, त्याच्या हातात ऑनलाइन. लक्ष्मीपूजनाले सांगीन.”

झालं. बाबांचा शब्द म्हणजे शब्द.

इथे लिहायला काय लाजायचं — मला हे काम हवंय. खूप हवंय. हरले तर परत चिकटपट्टी.

सोमवार, १६ ऑक्टोबर

लिंका तयार. माझी — जाहिराती, फेसबुक आणि जुन्या गिऱ्हाइकांना पाठवायचे ईमेल. गोटूची — इन्स्टाग्राम. तिसरी दुकानाच्या मोबाइलची, व्हॉट्सअॅपसाठी. तो मोबाइल खरा बाबांचा, पण बाबांना मोबाइल म्हणजे कानाजवळची माशी. तो घरीच असतो, सासूबाईंच्या हातात. त्यांचे सगळे ग्रुप त्यावर — भजनी मंडळ, गल्लीचा, आणि तुकईथडच्या लेकी. हा शेवटचा मोठा. तुकईथडहून लग्न होऊन जिथे जिथे मुली गेल्या, तिथे तिथे तो पोचलाय. सासूबाई त्याच गावच्या.

तर त्या लिंकला मी बाबांचं नाव दिलं. दत्तात्रय. तिन्ही लिंका घरच्या ग्रुपवर टाकल्या, ज्याने त्याने आपापली उचलावी. सासूबाईंना मात्र जवळ बसून दाखवली. आई, ही रोज तुमच्या ग्रुपांवर टाकत जा. त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं त्या एकेक करून वाचतात, ओठ हलवत. शेवटपर्यंत वाचली. मग माझ्याकडे बघून हसल्या. बरं, म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

माझ्या नावावर पहिली ऑर्डर — अकोला! गोटूची अजून शून्य. साखर खाल्ली.

बुधवार, १८ ऑक्टोबर

गोटूच्या नावावर सात. माझ्या तीन. साखर परत डब्यात.

आजची गंमत. नवा कुरिअरवाला पाकीट घेऊन दारात. घरमालक कोण, त्यांचं नाव काय, असं विचारत होता. सासूबाई समोर उभ्या, पण नाव सांगेनात. आत गेल्या, विजेचं बिल शोधून आणलं आणि त्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, मावशी, बिल नको, नाव सांगा. त्यांनी आणखी जोरात बोट दाबलं. मी हसत हसत बाहेर आले आणि नाव सांगितलं. मी श्रीकांतला अरे-तुरे करते, आणि ह्या बिल दाखवतात!

शनिवार, २१ ऑक्टोबर

गोटू पुढे. चांगलाच पुढे. त्याने एक रील टाकलीय — दराब्याचा चमचा हळूहळू वर जातो आणि मागे ढोल वाजतात. बस. ह्याच्यावर ऑर्डरी? माझे ईमेल मी रात्रंदिवस घासूनपुसून लिहिते, त्यावर म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचं उत्तर येतं, ‘धन्यवाद, सुखी राहा.’ सुखी राहते, पण ऑर्डर द्या ना.

सकाळी सासूबाईंबरोबर कारखान्यात गेले होते. त्या रोज जातात. दराबा बोटावर घेऊन जिभेला लावतात, मान हलवतात, मग डबे भरले जातात. लग्न होऊन आल्या तेव्हा घरच्या परातीत हाताने फेसायच्या म्हणे, रवा-तूप-साखर, दंड भरून येईपर्यंत. आता मशीन आहे, पण मशीन कधी थांबवायचं ते अजून त्याच सांगतात. पाटीवर ‘तापीकाठ मिठाई’ लिहिलंय, पण आमच्या गावात शनवाऱ्यापासून लालबागपर्यंत कुणालाही विचारा, दत्तूशेठचा दराबाच म्हणतील.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटून झाल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर रिपोर्ट मागितला. वाचला मी. गोटू पहिला. मी दुसरी, बरीच मागे. दुकानाचा मोबाइल — शून्य. एक क्लिकसुद्धा नाही.

“मंजे माझ्या नावानं कोणीच येऊन नाही राहिलं?” बाबा म्हणाले. हसत म्हणाले, पण लागलं त्यांना. सासूबाई आपट्याची पानं गोळा करत होत्या. एकदम पुष्कळ पानं गोळा करायला लागल्या.

मला थोडा रागच आला. रोज दुपारी तो मोबाइल त्यांच्या हातात असतो. एक लिंक टाकायला काय होतं? पण सासूला कसं विचारायचं!

गोटू येता-जाता ढोल वाजवतो. तोंडाने.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

काहीतरी गडबड आहे. मत्सर म्हणा, पण आहे.

गोटू रील टाकतो रात्री जेवणानंतर. क्लिक येतात भरदुपारी, भांडी आवरल्याच्या वेळेला. गोटूचे फॉलोअर कोण? इथलीच पोरं, थोडी खंडव्याची, थोडी इंदूरची, सगळी जिमवाली. ऑर्डरी कुठून? रावेर. अकोट. सुरत. अमरावती. आणि नावं बघावीत तर सगळ्या बायका! ऑर्डरीच्या खाली सूचना लिहायची जागा आहे, तिथे एकीने लिहिलंय, ‘जावयांसाठी आहे, डबा नीट बांधा.’ जिमवाल्या पोरांना कुठले जावई?

गोटूला विचारलं. म्हणाला, “वहिनी, पब्लिक पागल आहे आपल्या रीलसाठी. लेडीज पब्लिकपण.” आणि केसांवरून हात फिरवला.

शनिवार, २८ ऑक्टोबर

कोजागिरी. दूध उतू गेलं, रिपोर्ट बघत बसले म्हणून.

सोमवार, ३० ऑक्टोबर

सापडलं! सापडलं आणि बसल्या जागी थिजले.

सुरतेच्या एका ऑर्डरीत गल्लीचं नाव नव्हतं. फोन केला. कुसुमताई म्हणून, उधन्याच्या. पत्ता सांगितला, मग म्हणाल्या, “तू रंभीची सून का व? तिनं तं डोकं खाल्लं बाई, रोज दुपारी लिंक. म्हटलं घेऊन टाकू, मंग तरी गप बसीन.”

रंभी? मला क्षणभर कळेचना. मग उजेड पडला. रंभाबाई म्हणजे आमच्या सासूबाई! ह्या घरात ते नाव कुणी घेतच नाही. मी आई म्हणते. गल्ली म्हणते श्रीकांतची आई. बाबा म्हणतात, ‘ऐकलं का.’ रेशनकार्डावर वाचलं असेल तेवढंच.

फोन ठेवून कुसुमताईंची ऑर्डर उघडली. कुठून आली? इन्स्टाग्राम. कुणाच्या नावावर? गोटू.

म्हणजे सासूबाई रोज लिंक पाठवतात. पण गोटूची! शेपटीत इन्स्टाग्राम लिहिलंय म्हणून रिपोर्ट इन्स्टाग्राम म्हणतो. रिपोर्टाचा काय दोष, आपण चिकटवलं तेच तो वाचतो.

पण का? माझी हार व्हावी असं त्यांना वाटतं? पोटच्या पोरासाठी? रडू आलं. उद्या विचारणार. सासू असल्या तरी.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

विचारलं. दोघी शेंगा सोलत होतो. मान खाली घालूनच विचारलं, आई, तुम्ही गोटूभाऊंची लिंक का पाठवता?

त्यांनी सोलणं थांबवलं नाही. म्हणाल्या, “तुह्या त्या लिंकमधी ह्यायचं नाव आहे.”

हो, मग?

“मग काय मग! आजवर तोंडातून नाही काढलं, अन् आता बोटानं काढू? तेपण एवढ्या बायांत? रोज?” शेंगा खाली ठेवल्या. “गोटूचं नाव होतं. पोराचं नाव घ्यायले काय लागते. ते घेतलं.”

मला आधी हसू फुटलं. मग हसू आवरलं, कारण त्या हसत नव्हत्या. मला सांगायचं तरी, मी म्हटलं. तर म्हणाल्या, तू एवढ्या हौसेनं बनवली होती, तुले वाईट वाटलं असतं. आणि मी काल काय काय विचार केला होता! जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग माझा हात धरला. “ह्यायले नको सांगू. हसतीन मले.”

कबूल केलं. हात धरल्यावर कोण नाही म्हणेल?

बुधवार, १ नोव्हेंबर

इकडे आड तिकडे विहीर. तोंड उघडलं तर सासूबाईंचा विश्वास गेला. नाही उघडलं तर वेबसाइट इंदूरला गेली.

आणि खरं बघितलं तर आणखी वाईट. गोटूच्या खात्यातून तुकईथडच्या लेकी वजा केल्या, तर त्याच्याकडे उरतात त्याचे मित्र. पण त्या सासूबाईंच्या खात्यात घातल्या, तर त्या माझ्याही पुढे! म्हणजे मी हरलेच आहे, फक्त कुणाकडून ते बदलतंय.

श्रीकांतलाही सांगितलं नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

गुरुवार, २ नोव्हेंबर

सकाळी सासूबाईंना म्हटलं, जाऊ द्या, तुमच्यासाठी नवी लिंक करते, तुमच्याच नावाची. त्यांनी मान हलवली. “माह्या नावानं कोण घेईन दराबा? गाव ह्यायच्या नावानं खाते. नाव ह्यायचंच पाह्यजे. पण असं साधं कसं घेऊ?”

“मग उखाण्यात घ्या,” मी म्हटलं.

गंमतीत म्हटलं हो! त्रासून म्हटलं. पण सासूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी मोठा शोध लावलाय. उखाण्यात नाव घ्यायला हरकत नाही ना! लग्नात घेतलं, मंगळागौरीला घेतलं, बारशाला घेतलं. वर उखाणा, खाली लिंक. नाव रीतीने घेतलं, मग खाली पुन्हा आलं तर तो त्याच उखाण्याचा भाग.

दुपारभर त्या ओट्याशी पुटपुटत होत्या. पोळी करपली, आयुष्यात पहिल्यांदा. चार वाजता मला बोलावून टाइप करायला लावलं:

तापीच्या काठाला केळीची बाग,
दराबा मागवा बायांनो, दाबा खालचा भाग,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, येऊ देऊ नका राग!

खाली लिंक. बाबांची. पाठवायचं बटण मात्र मला दाबू दिलं नाही. पदर डोक्यावर घेतला, आणि स्वतः दाबलं.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

दुकानाचा मोबाइल सकाळपासून टिंग टिंग टिंग. मी स्वयंपाकघरात, सासूबाई देवघरात, दोघीही नुसत्या एकमेकींकडे बघतोय.

शनिवार, ४ नोव्हेंबर

अगं आई गं!

तुकईथडच्या लेकी पेटल्यात. रंभीने नाव घेतलं, मग आपण का मागे? रावेरच्या एकीने ऑर्डर दिली आणि खाली टाकलं, ‘कढईत तूप, तुपात रवा, उखर्डूरावांचं नाव घेते, पाव किलो मला हवा.’ मग अकोटहून. मग अमरावतीहून दोन. प्रत्येकीने आपला उखाणा वर लावून लिंक पुढे ढकलली — सासरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, हळदीकुंकवाच्या ग्रुपवर. लिंक तीच, शेपटीसकट. निंबोल्याहून, जैनाबादहूनसुद्धा ऑर्डरी! अहो, जैनाबाद नदीच्या पलीकडे, पुलावरून चालत आलात तरी मिळेल! पण नाही, लिंकवरूनच हवा.

मी एवढा कोर्स केला, त्यात उखाणा कुठे नव्हता.

रिपोर्टात दत्तात्रय नावाची ओळ शून्यावरून उठली आणि संध्याकाळपर्यंत तिने मला गाठलं. मीच माझ्या हाराकिरीची तयारी केली आणि मलाच हसू आवरेना.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

आज बाबांनी स्वतःहून विचारलं! काट्यावर वजन करता करता, नजर पारड्यावरच — “माझी लिंक काय म्हणते?”

म्हटलं, बाबा, पहिली आहे. त्यांनी गिऱ्हाइकाला मूठभर दराबा जास्त घातला. श्रीकांत म्हणतो, असं त्याने जन्मात पाहिलं नाही. दुपारी गल्लीत कुणालातरी सांगत होते, आपल्या नावाले अजून वजन आहे. निवडणुकीच्या गाड्यांचे भोंगे दिवसभर नावं ओरडत फिरतायत, त्यात आमच्याही उमेदवाराची भर.

गोटूचं मात्र तोंड उतरलंय. गुरुवारपासून त्याच्या ऑर्डरी आटल्या. ढोल बंद. दुपारी माझ्याजवळ येऊन बसला. “वहिनी, इन्स्टाने माझी वाट लावली. रीच मारून टाकली एकदम.” रात्र रात्र जागून नव्या रील्स करतोय बिचारा. मला त्याला चिडवायचं होतं, नाही चिडवलं. चहा करून दिला. जीभ चावून चावून माझी जीभ दुखायला लागली.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

धनत्रयोदशी. डबे संपले! श्रीकांत खंडव्याच्या गाडीने नवे डबे आणायला पळाला, आणि मी सगळ्यांबरोबर चिकटपट्टी लावत बसले. आज वाईट वाटलं नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. हातांना अजून तुपाचा वास येतोय, पण लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

पूजा झाली. बाबा गादीवर बसले. मी रिपोर्ट वाचला. दत्तात्रय पहिला. गोटू दुसरा. मी तिसरी. खरं ते वाचलं.

बाबा खूश होते, पण भोळे नाहीत. म्हणाले, मी तर मोबाइलले हातही नाही लावला. “माझ्या नावाची लिंक चालवली कोणी?”

मी खाली बघितलं. वचन दिलं होतं. सासूबाई समईजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, “मी.”

बाबांना कळेना. तू? माझ्या नावाची? सासूबाईंनी मोबाइल गोटूच्या हातात दिला, वाच म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं. गोटूने वाचला. तापीच्या काठापासून राग येऊ देऊ नकापर्यंत, मोठ्याने. मग रावेरचा. मग अकोटचा. श्रीकांत पोट धरून हसत होता. गोटू मध्येच थांबला, “आई, मतलब माझ्यावाल्या ऑर्डरीपण तुझ्याच होत्या?” सासूबाईंनी भिंतीकडे बघतच मान हलवली. “मग माझ्या रीलवर कोणीच नाही आलं?” मी म्हटलं, आले ना, तुझे तीन मित्र. तोही हसायला लागला. मोठ्या मनाचा आहे पोरगा, उगाच बोलते मी.

बाबा हसले नाहीत. कान लाल झाले होते. म्हणाले, समईत तेल घाला कोणीतरी. समई काठोकाठ भरलेली होती. मग खाकरले. “शब्द मंजे शब्द. ऑनलाइन हिच्या हातात.”

परत चिकटपट्टी, मी मनात म्हटलं. सासूबाई वळल्या.

“मंग मी सांगते तसं करा. लिंका कोकिळा बनवीन, हिशेब कोकिळा पाहीन. गोटू फोटो काढीन. मी पाठवीन. अन् इंदूरवाल्याले नमस्कार कळवा.”

वाकून नमस्कार केला त्यांना. दिवाळीचा होता, पण सगळाच दिवाळीचा नव्हता.

सोमवार, १३ नोव्हेंबर

बाबा आज मोबाइल दुकानात घेऊन गेले! मागितला, खिशात घातला, गेले. सासूबाई दिवसभर कासावीस, ग्रुपवर काय चाललं असेल म्हणून. श्रीकांत म्हणतो, बाबा काट्याशेजारी बसून एकेका बोटाने काहीतरी दाबत होते, आणि कुणी जवळ गेलं की मोबाइल उलटा ठेवत होते.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

पाडवा. सकाळी रिपोर्ट उघडला तर एक नवी ओळ. शेपटीतलं नाव — रंभा.

ही लिंक मी बनवली नाही. गोटूनेही नाही. दुकानाचा मोबाइल बघितला. शनवाऱ्याच्या जुन्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर बाबांनी टाकलीय. आपलीच लिंक, शेवटचं नाव खोडून त्या जागी हे. वर एक ओळ: ‘चाळीस वर्षं माझ्या नावाने खाल्ला तो दराबा हिचा आहे.’

सासूबाई ओवाळणीचं ताट लावत होत्या. मी मोबाइल पुढे धरला. त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं, शेपटीच्या शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.